पुलाअलीकडचे रूळ

१

त्या मे महिन्यात माझी झोप उडाली ती पुलामुळे.

पूल म्हणजे फार मोठं काही नाही. आमच्या घरामागे लांबट बाग, बागेच्या टोकाला ओढा आणि त्या ओढ्यावर माझ्या सासऱ्यांनी बांधलेला बारा फुटी लाकडी पूल. त्यावरून आगगाडी जाते. खरीखुरी, कोळशाची, वाफेची. फक्त दोन रुळांमधलं अंतर पाच इंच आणि इंजिन माझ्या गुडघ्याएवढं. डबे म्हणजे चाकांवर ठेवलेली गादीची बाकडी. घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय सोडून एकामागे एक बसायचं. शेडपासून निघायचं, वाटाण्याच्या वाफ्याला वळसा घालायचा, पुलावरून ओढा ओलांडायचा, पलीकडच्या सफरचंदाच्या झाडांभोवती फिरून परत यायचं. यॉर्कशरच्या आमच्या भागात निवृत्त माणसं एकतर कबुतरं पाळतात किंवा हे करतात.

सासरे, म्हणजे सिरिल, जानेवारीत गेले. चौदा मे हा त्यांचा वाढदिवस. रॉसने, माझ्या नवऱ्याने, आमच्या साडेतीन वर्षांच्या हॅटीला कबूल करून टाकलं होतं की त्या दिवशी आजोबांच्या इंजिनामागे बसून पुलापलीकडे जायचं आणि झाडाखाली केक खायचा.

माझ्या काळज्यांची यादी मोठी आहे. अख्खी द्राक्षं. पडद्याच्या दोऱ्या. रिमोटमधल्या चपट्या बॅटऱ्या. रॉस म्हणतो, "तुझ्या हातात असतं तर तू भिंतीवरच्या घड्याळालाही हेल्मेट घातलं असतंस, टॅमसिन." त्याचं खोटं नाही. अडचण एवढीच की दहा काळज्यांतली कुठली खरी, हे मला कधी कळत नाही. त्यामुळे दहाच्या दहा सारख्याच जोराने येतात आणि बाकीच्यांना त्या सारख्याच फालतू वाटतात.

सिरिल तेवढे कधी हसले नाहीत. गाडीच्या शेवटच्या डब्यावर गार्ड बसतो, त्याच्या हाताशी ब्रेकचा दांडा असतो. पुढे बघायचं ते चालकाने. गार्डने मागे, बाजूला, पोरांच्या पायांकडे बघायचं. सिरिल स्वतः नेहमी गार्ड व्हायचे. अकरा वर्षं खपून बनवलेलं इंजिन दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि आपण मागे बसायचे. मला म्हणाले होते, "तू गार्डच्या जातीची आहेस, पोरी. सगळे पुढे बघत असतात तेव्हा एकाने तरी घाबरायला हवं."

माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

२

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती कपडे वाळत घालताना. वाढदिवसाच्या आधीचा रविवार होता.

रूळ चकाकत होते.

यात काय विशेष, असं कुणालाही वाटेल. पण मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. लोखंड, पाणी, हवा: हा धडा मी दरवर्षी बारा वर्षांच्या मुलांना देते. हे रूळ पोलादाचे. आमच्याकडच्या पावसात ते आठवडाभर रिकामे राहिले की तपकिरी पडतात आणि गाडीची चाकं पुन्हा फिरली की वरून चांदीसारखे होतात. सिरिल सकाळी चहाचा मग घेऊन बाहेर यायचे ते रुळांचा रंग बघायला. जानेवारीपासून त्या रुळांवर एकही चाक फिरलेलं नव्हतं. इंजिन तर घरातच नव्हतं. सिरिलच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबातले जुने मित्र मॉरिस थ्वेट ते फेब्रुवारीत घेऊन गेले होते. दर काही वर्षांनी बॉयलर दीडपट दाबाने पाणी भरून तपासावा लागतो, दोन माणसांनी तपासून सही केल्याशिवाय त्याच्यामागे पोरं बसवायची नाहीत, असा नियम आहे. मॉरिस बॉयलर तपासणारे. सहा मैलांवर त्यांच्या गॅरेजात ते इंजिन उघडून पडलेलं होतं.

मी वाकून रुळावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"रॉस, रूळ कुणी घासले?"

तो खिडकीतून म्हणाला, "गोगलगायींनी."

"मी गंमत करत नाहीये."

"मॉरिस आले असतील. त्यांच्याकडे किल्ली आहे. डबे काढून ढकलले असतील चार वेळा. म्हाताऱ्या माणसांना असली कामं आवडतात, टॅम."

हे पटण्यासारखं होतं. मला बहुतेक गोष्टी दिवसा पटतात. मी क्लिपा लावत राहिले.

३

सोमवार ते बुधवार मी घरी होते. हॅटीचा कान दुखत होता. दुपारी दोनला तिला झोपवून मी तिच्या शेजारी वह्या तपासत बसायचे. मागची खिडकी उघडी.

सोमवारी आवाज आला.

रुळांच्या सांध्यावरून चाकं जाताना जो आवाज होतो तो. टक-टक. थोडं थांबून पुन्हा टक-टक. वाफेचा आवाज नाही, शिट्टी नाही. कुणीतरी जड गाडी चालण्याच्या वेगाने नेत होतं. मी उठले नाही. हॅटीचं डोकं माझ्या दंडावर होतं आणि ते हलवलं की ती जागी होते, हे कारण मी स्वतःला दिलं. म्हणून मी मोजत बसले. अकरा सांधे. मग शांतता. बरीच लांब, जणू कुणी उतरून काहीतरी वाकून बघतंय. मग तेच अकरा सांधे उलटे, शेडकडे.

ती उठल्यावर मी तिला कडेवर घेऊन शेडमध्ये गेले. कुलूप जागेवर. आत तिन्ही डबे भिंतीपाशी, वर ताडपत्री, ताडपत्रीवर कोळ्याचं जाळं. शेडमध्ये तेलाचा आणि सिरिलच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास होता. तसा तो असणारच. बरण्या अजून तिथेच आहेत.

मंगळवारी मी हॅटीच्या खडूने पहिल्या सांध्यावर, दोन्ही रुळांवर जाड पांढरी रेघ ओढली. प्रयोग म्हणजे प्रयोग. दुपारी अकरा सांधे गेले, थांबले, आणि अकरा परत आले. संध्याकाळी बघितलं तर रेघ रुळाच्या कडांना होती. वरच्या पृष्ठावर, जिथे चाक टेकतं तिथे, नव्हती.

पाऊस पडला नव्हता. गोगलगाय इतकी सरळ चालत नाही.

रात्री जेवताना मी रॉसला सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं सांगायला नको होतं.

"बाबांना जाऊन चार महिने झाले," तो म्हणाला. "मलाही शेडमधून ते खोकल्यासारखं वाटतं कधीकधी. पण शनिवारी तू हॅटीसमोर असं काही काढणार नाहीस ना? तिला एकदा, फक्त एकदा, घाबरवल्याशिवाय काहीतरी करू दे."

मी म्हटलं, "नाही काढणार."

आणि गाडी चालू असताना 'थांब, थांब' असं ओरडणार नाही, असंही मी कबूल केलं. ते त्याने मागितलं नव्हतं. मीच वर घातलं.

अकरा सांध्यांनंतर काय आहे, हे मात्र मी जाऊन बघितलं नाही. हे मी आजही स्वतःला विचारते. बागेचं टोक म्हणजे शंभर पावलं.

४

गुरुवारी आम्ही दोघं कामावर असताना मॉरिस इंजिन शेडमध्ये ठेवून गेले. बॉयलरचा दाखला चालकाच्या बैठकीवर चिकटपट्टीने लावलेला होता. इंजिनाचं नाव ऍग्नेस, रॉसच्या आईवरून.

शनिवारी, वाढदिवसाच्या दिवशी, आभाळ भरून आलेलं होतं. रॉसने दहालाच आग पेटवली: रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा, वर दगडी कोळशाचे बारीक खडे. पाण्याच्या काचेत पातळी अर्ध्यावर आली. झडप फुरफुरायला लागली. हॅटी आनंदाने गोल गोल पळत होती.

गार्ड म्हणून मॉरिस यायचे होते. त्यांचा फोन आला की रस्त्यावर मेंढ्या आल्यात, वीस मिनिटं लागतील.

"वीस मिनिटांत पाऊस येईल," रॉस म्हणाला. "एक फेरी करून घेतो."

"गार्डशिवाय?"

"घरची गाडी, घरची पोर."

"आणि ती रिकामी फेरी?" कारण तीही एक रीत आहे: दिवसाची पहिली फेरी माणसं न बसवता, चालण्याच्या वेगाने, सगळी लाइन बघत मारायची. सिरिल ती वाढदिवसाला, नाताळला, कधीही चुकवत नसत.

रॉसने पायाने रूळ दाखवला. "हे बघ. आरसा झालाय. मॉरिसनी गुरुवारी पाच-सहा फेऱ्या मारलेल्या दिसतात. रूळ चकाकतोय म्हणजे गाडी गेलेली आहे, आणि गाडी गेलेली आहे म्हणजे लाइन ठीक आहे. हे मला बाबांनीच शिकवलं."

मी त्याच्या मागे गार्डच्या डब्यावर बसायला हवं होतं. पण मला सगळ्यात जास्त भीती पुलाची, म्हणून मी म्हटलं, "मी पुलापाशी जाऊन उभी राहते." हॅटी घसरलीच तर धरायला. बारा फूट लांबीच्या पुलाला मी दोन हात घेऊन पुरी पडणार होते.

मी पळत पुढे गेले. पुलाच्या अलीकडे उभी राहिले आणि खाली बघितलं.

रूळ माझ्या पायापर्यंत चांदीसारखे होते. पुलाची पहिली फळी जिथे सुरू होते, तिथे ते संपले. पुलावर तपकिरी. पलीकडे, सफरचंदांपर्यंत, तपकिरी. गंजाची कड अशी सरळ होती की कुणी पट्टी लावून काढावी.

मी मागे वळून सांधे मोजले. नऊ, दहा, अकरा.

जे कुणी रोज येत होतं ते इथपर्यंत येत होतं, थांबत होतं, वाकून बघत होतं आणि परत जात होतं.

५

गाडी वाटाण्याच्या वळणावरून येत होती. पुढे ऍग्नेस, मग रॉस गुडघे वर घेऊन बसलेला, मग हॅटी दोन्ही हातांनी कडी धरून, मग एक रिकामा डबा, शेवटी गार्डचा.

मला ओरडायचं होतं. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी बदलणार नाही, म्हणून एकदाच लिहिते: मी ओरडले नाही. तोंड उघडलं होतं. पण डोक्यात कोण बोलत होतं तर रॉस: एकदा, फक्त एकदा. गंजाच्या एका रेघेसाठी तू पोरीचा दिवस घालवणार? काय सांगशील, की रूळ तपकिरी आहेत?

आणि मग मला शेवटचा डबा दिसला.

सिरिल एकशे वीस किलोचे होते. ते बसले की गार्डच्या डब्याच्या स्प्रिंगा दबून गादी चाकांना टेकायला यायची. एरवी मध्ये चार बोटं जागा असते. त्या रिकाम्या डब्याची गादी चाकांना टेकायला आलेली होती. वळणावर तो डबा बाहेरच्या बाजूला झुकला, आणि झुकण्याच्या उलट दिशेला गादी हळूच दबली. जड माणूस तोल सावरताना दबते तशी.

हॅटी पुढे बघत नव्हती. मान पूर्ण वळवून मागे बघत हसत होती.

कर्रर्र असा आवाज झाला. शेवटच्या डब्याची चाकं फिरायची थांबली आणि रुळावरून फरफटत, ठिणग्या टाकत आली. ऍग्नेस दोनदा धापा टाकून उभी राहिली. तिचं पुढचं टोक पुलाच्या पहिल्या फळीपासून माझ्या हाताएवढ्या अंतरावर होतं.

"कोणी लावला ब्रेक?" रॉस ओरडला.

मी हॅटीला उचलून घेतलं होतं.

"टॅमसिन! ब्रेक कुणी लावला?"

गार्डच्या डब्यावर कुणी नव्हतं. गादी वर आलेली होती. ब्रेकचा दांडा मात्र शेवटच्या खाचेत होता. त्या दांड्याची स्प्रिंग सिरिलने स्वतःच्या हाताच्या ताकदीने बनवली होती. तिसऱ्या खाचेपुढे तो त्यांच्याशिवाय कुणालाच ओढता येत नसे. रॉसने दोन्ही हात लावले, पाय टेकवला, तरी तो सुटेना.

"हॅटी," मी विचारलं, "सोन्या, ब्रेक कोणी लावला?"

हॅटी विचारलेल्याचं उत्तर कधीच देत नाही. ती म्हणाली, "केक आता की नंतर?"

६

मॉरिस आले तेव्हा पावसाचे चार थेंब पडले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, कमरेत वाकलेले, तोंडाने तिखट. त्यांनी गाडी बघितली, पूल बघितला, आणि रॉसला म्हणाले, "रिकामी फेरी कितीला मारलीस?"

"तुम्ही मारली होती ना गुरुवारी?"

"मी? माझी कंबर बघ. मी ते इंजिन फळीवरून सरकवत शेडच्या दारात उतरवलं आणि घरी जाऊन झोपलो. गाडी चालवणारा तू, फेरी मारायची तू. बापाने काय शिकवलं तुला, शिट्टी वाजवायला?"

"पण रूळ..."

मॉरिसनी रूळ बघितला. अलीकडे, मग पुलावर. त्यांच्या तोंडातला तिखटपणा गेला. ते काठी घेऊन काठावरून उतरले, ओढ्यातून पलीकडे गेले आणि पलीकडच्या दगडी आधाराला, ज्यावर पुलाचं ते टोक टेकलेलं होतं, बुटाने नुसतं ढकललं.

हिरव्या शेवाळाने मढलेला, वर्षानुवर्षं तसाच दिसणारा तो आधार एका तुकड्यात ओढ्यात गेला. फेब्रुवारीच्या पुराने मागची सगळी माती खाऊन टाकली होती. पूल काही क्षण हवेत राहिला आणि मग त्याचं टोक सहा फूट खाली, दगडांवर आपटलं.

नव्वद किलोचं इंजिन. त्यात पेटलेली आग आणि उकळतं पाणी. त्यामागे रॉस. त्यामागे हॅटी.

रॉस गवतात बसला. मग म्हणाला, "ओरडली का नाहीस?"

"तू म्हणाला होतास म्हणून," असं मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "मला खात्री नव्हती."

"यापुढे खात्री नसली तरी ओरड," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मॉरिस वर आले. गार्डच्या डब्याजवळ गेले, एक हात दांड्यावर ठेवला आणि दोन बोटांनी ओढला. तो सुटला. "बस झालं आता," ते हळूच म्हणाले. मला नाही, रॉसला नाही. मग माझ्याकडे वळून, "पोरी, चहा आहे की नाही या घरात?"

७

नवा पूल उभा करायला जुलै संपला. क्लबातले सात जण दर रविवारी यायचे, सँडविच खायचे आणि एकमेकांच्या मापांना हसायचे. सिमेंटचा पाया, ओकच्या तुळया. प्रत्येक नट घट्ट केला की त्यावरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, म्हणजे नट तसूभर जरी ढिला झाला तरी रेघ तुटलेली दिसते. ते काम मला दिलं. चौसष्ट रेघा. मॉरिस म्हणाले, "हिला द्या. हिच्या नजरेतून सुटणार नाही." त्यात टोमणा नव्हता.

पूल झाला त्या शनिवारी पलीकडचे रूळ अजून तपकिरी होते. रविवारी सकाळी मी चहाचा मग घेऊन बाहेर आले. सगळी लाइन, पुलावरून, सफरचंदांभोवती, परत शेडपर्यंत, चांदीसारखी होती.

मी काही कुणाला सांगितलं नाही. पुलाच्या कठड्यापाशी उभी राहून "आभारी आहे" म्हटलं. मोठ्याने. मग मला भीती वाटली, कारण ओढ्याचा आवाज थोडा थांबल्यासारखा वाटला. ओढे थांबत नाहीत. हेही मी शाळेत शिकवते.

भीती गेलेली नाही. ज्याने हॅटीला वाचवलं ते तिला किती ओळखतं, तिच्याकडून पुढे काय मागेल, हे मला माहीत नाही. दुपारी सांधे वाजतात आणि मी अजूनही खिडकीपाशी जात नाही. पण हॅटी माझ्या दंडावर झोपलेली असते, तिचा श्वास गरम असतो, आणि ज्याला मी घाबरते त्याचंच मी देणं लागते. दोन्ही एकाच वेळी मनात मावतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

रॉस आता रिकामी फेरी चुकवत नाही. आणि गार्ड मी आहे. गेल्या रविवारी ऊन होतं. रिकामी फेरी झाली, मी गार्डच्या डब्यावर बसले, हॅटीला पुढ्यात घेतलं, तिचे पाय बघितले, मागे बघितलं, ब्रेक ओढून सोडून बघितला. पहिल्या खाचेपुढे माझ्याने तो जात नाही. मग, सवयीने, खाली वाकून गादी आणि चाक यांच्यामधल्या फटीत बोट घालून बघितलं.

मी अठ्ठावन्न किलोची. हॅटी पंधरा. दीड बोट तरी जागा असायला हवी होती.

बोट आत गेलंच नाही.

पेपरमिंटचा वास आला. पण खिशात गोळ्या माझ्याच होत्या, बहुतेक. रॉसने हात वर करून विचारलं, निघायचं का? मी मागे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मागे बघितलं नाही. हिरवा झेंडा वर केला आणि हॅटीला विचारलं, "नीट बसलीस ना? भीती नाही ना वाटत?"

हॅटीने मान वळवली, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि वैतागून म्हणाली, "आई, पुढे सरक ना जरा. आजोबा अर्धेच बसलेत."